पोचवणावळ

आईच्या कुकरची रिंग सैल पडली. शिट्टी होईना, झाकणाच्या कडेने फुसफुस करत डाळीचं पाणी गॅसवर सांडायला लागलं. कुकर पाच लिटरचा, चांगला जुना. पाटोद्यातल्या भांड्यांच्या दोन दुकानांत विचारलं, त्या मापाची रिंग नव्हती. "पुढच्या आठवड्यात या, बीडहून आणून ठेवतो," दुकानदार म्हणाला. आठवडाभर डाळ पातेल्यात शिजवायची कुणी? मी फोन काढला.

रिंग सापडली. एकशे एकोणपन्नास रुपये. पिनकोड टाकला, हिरवी खूण आली: तुमच्या भागात डिलिव्हरी उपलब्ध. पुढच्या पायरीला मात्र एकोणपन्नास रुपये डिलिव्हरी चार्ज लागला आणि त्याखाली एक पट्टी झळकली, आणखी ३५० रुपयांची खरेदी करा आणि डिलिव्हरी फ्री मिळवा. एकशे एकोणपन्नासच्या वस्तूला एकोणपन्नास पोचवायचे? मन घेईना. मग उशीचे अभ्रे घेतले, २८९ ला. तरी थोडं कमी पडत होतं म्हणून चहाची गाळणी घेतली, ७९ ची. घरात गाळण्या दोन आहेत. बेरीज झाली ५१७ आणि डिलिव्हरीच्या रकान्यात हिरव्या अक्षरांत शून्य आलं. एकोणपन्नास वाचवण्यासाठी मी तीनशे अडुसष्ट घालवले होते आणि त्या क्षणी मला फार शहाणं झाल्यासारखं वाटत होतं.

माल एकत्र आला नाही. अभ्रे चौथ्या दिवशी, गाळणी सहाव्या दिवशी, रिंग नवव्या दिवशी. पहिली दोन पार्सलं कॉलेजला जाणाऱ्या भाच्याने येताना आणली. तिसऱ्याच्या वेळी फोन मला आला.

"सर, पार्सल हाय तुमचं. स्टँडवर येता का?"

"घरी नाही का आणून देत?"

"तिकडं गाडी नाय येत सर. त्या साइडचं एकच पार्सल हाय. अर्ध्या तासात मला डोंगरकिन्हीला निघायचंय."

आमचं घर पाटोद्यापासून चौदा किलोमीटर. जाऊन येऊन अठ्ठावीस. माझी गाडी लिटरला पन्नासच्या आसपास देते, पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे साठेक रुपये. मी निघेपर्यंत फोनवर संदेश येऊन पडला होता: डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही. पत्त्यावरच उभा राहून मी तो वाचला.

शून्य रुपयांची डिलिव्हरी मला साठ रुपयांना पडली. या प्रकरणात त्या साठ रुपयांचा माग काढायचा आहे.

मराठीत प्रत्येक कामाच्या मोबदल्याला वेगळं नाव आहे. गिरणीत दळणावळ, शिंप्याकडे शिलाई, बाजार समितीत हमाली, तोलाई आणि वाराई, मालमोटारीला भाडं. पोचवण्याच्या मोबदल्याला मात्र आपण 'डिलिव्हरी चार्ज' म्हणतो. दळणावळीच्या चालीवर मी त्याला पोचवणावळ म्हणतो. शब्द माझा आहे, चालला तर चालवावा. नाव असलं की खर्च डोळ्यांसमोर राहतो. दळणावळ फुकट, असं कोणी म्हणालं तर बाई आधी पीठ तोलून बघेल.

टपालाने माल मागवणाऱ्यांच्या मागच्या पिढ्यांकडे याला चांगला शब्द होता, टपालहंशील. जुन्या मराठी मासिकांच्या मागच्या पानांवर पुस्तकांच्या आणि औषधांच्या जाहिराती असत. किमतीपुढे बारीक अक्षरांत 'ट. ह. निराळे' किंवा 'ट. ख. वेगळा' छापलेलं असे. वस्तूची किंमत एक, ती तुमच्यापर्यंत आणण्याची किंमत दुसरी, आणि दोन्ही एकाच ओळीत. आज ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात तीही सोय नवी नाही. टपाल खात्याने व्ही. पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबलची पद्धत १८७७ मध्येच सुरू केली. पोस्टमन पुडकं घेऊन दारात येई, पैसे मोजून घेई, पुडकं देई आणि ती रक्कम खात्यामार्फत पाठवणाऱ्याकडे जाई. घेणाऱ्याने तोंड फिरवलं की पुडकं परत आणि टपालखर्च प्रकाशकाच्या बोकांडी. आजच्या विक्रेत्याचं दुखणं ते हेच.

अंतर कितीही असो, दर एकच, ही कल्पनाही टपालाचीच. पूर्वी पत्राचं हंशील अंतरावर ठरत असे. इंग्लंडात रोलंड हिल या गृहस्थाने १८३७ मध्ये हिशेब मांडून दाखवला की पत्राच्या खर्चात प्रत्यक्ष वाहतुकीचा वाटा फारच थोडा असतो. खरा खर्च होतो तो पत्र घेणं, नोंदवणं, अंतर मोजून आकार ठरवणं आणि दारात पैसे वसूल करणं यावर. मग अंतर मोजताच कशाला? १८४० मध्ये तिकडे एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागलं. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, देशात कुठेही. मुंबईतल्या मुंबईत पाठवलेल्या पत्राने डोंगरातल्या पत्राचा थोडा भार उचलायचा, असा तो करार होता. फ्री डिलिव्हरीची चाल तीच आहे, सगळ्यांचा खर्च एकत्र करून सगळ्यांवर सारखा पसरायचा. फरक एवढाच की टपाल खातं डोंगरातल्या पत्त्यावरही जायला बांधलेलं होतं आणि आहे. अ‍ॅपवाल्याला तसं कोणी बांधलेलं नाही.

पिनकोडची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण आमची निम्मी रड तिच्यातच आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित, संस्कृतात नाटकं लिहिणारे. एकाच नावाची अनेक गावं, नाना लिप्या, गिचमिड अक्षरं यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांची युक्ती केली. पहिला आकडा विभागाचा. पहिले दोन मिळून टपालाचं मंडळ किंवा त्याचा भाग, तिसऱ्याने पत्रं कुठे वेगळी करायची तो जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे.

एका नावाची अनेक गावं म्हणाल तर पाटोदाच घ्या. आमचं तालुक्याचं पाटोदा बीड जिल्ह्यात. दुसरं छत्रपती संभाजीनगरजवळचं, आदर्श गाव म्हणून गाजलेलं. तिसरं नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यात. पिनकोडने हा गोंधळ मिटायला हवा होता, आणि टपालापुरता तो मिटलाही. पण आमच्या पाटोद्याचा पिन आहे ४१४२०४. बीड शहराचा ४३११२२. ४१४ हा आकडा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. शेजारच्या आष्टीचा पिनही ४१४ नेच सुरू होतो. आम्ही मतदान बीड जिल्ह्यात करतो, सातबारा बीड जिल्ह्याचा, कलेक्टर बीडचा, पत्र मात्र नगरच्या खात्यात. पोस्टमनला यात काही वावगं दिसत नाही, त्याची वाट ठरलेली आहे. खाजगी कुरिअरच्या संगणकाने मात्र कधी पिन वाचून माल ठेवायचा आणि कधी जिल्ह्याचं नाव वाचून, यात माझं पार्सल सापडलं. फोनवर त्याचा प्रवास बघत होतो: पुणे, नगर, बीड, पुन्हा नगर, जामखेड, मग पाटोदा. रिंग साठ ग्रॅमची असेल. तिने पाहिलेला मुलूख मी वर्षभरात पाहत नाही.

याच तालुक्यात गवळवाडीजवळ मांजरा नदी उगम पावते आणि सातशेहून जास्त किलोमीटर जाऊन तेलंगणात गोदावरीला मिळते. आमच्याकडून निघालेली फुकट वाहतूक म्हणायची तर तेवढीच.

आता त्या हिरव्या शून्याकडे वळू. माणसाला शून्याची एवढी ओढ का? माणसाच्या आर्थिक वागण्याचे अभ्यासक डॅन एरिली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग करून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. टेबलावर दोन प्रकारची चॉकलेटं मांडली. एक उंची, पंधरा सेंटला. एक साधं, एका सेंटला. एकालाच हात घालायचा. घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी उंची चॉकलेट घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली: उंची चौदाला, साधं फुकट. दोहोंतलं अंतर तेवढंच राहिलं होतं, तरी आता ६९ टक्क्यांनी साधं उचललं. (एरिलींच्या दुसऱ्या एका निबंधातल्या आकडेवारीवर पुढे बराच वाद झाला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. हा तो नव्हे.) आठवडी बाजारात भाजीवाली दोन मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी वर टाकते, तिला हे कोणत्या विद्यापीठाने सांगितलं असेल?

व्यापाऱ्यांनी हे चांगलं ओळखलं. अ‍ॅमेझॉनने २००२ च्या जानेवारीत अमेरिकेत ९९ डॉलरच्या वर मोफत पोचवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षात ही मर्यादा ४९ वर, मग २५ वर आणली. २००५ मध्ये वर्षाची एकरकमी वर्गणी भरून घेणारी प्राइमची योजना आली. एरिलींनीच सांगितलेला एक किस्सा फ्रान्सचा आहे. इतर देशांत मोफत पोचवणं सुरू झालं तेव्हा विक्री वाढली. फ्रान्समध्ये मात्र पोचवणावळ शून्य न ठेवता एक फ्रँक ठेवली होती, अगदीच किरकोळ. विक्री हलली नाही. तो फ्रँक काढला आणि हलली.

त्याच फ्रान्सने पुढे उलटं करून पाहिलं. गल्लीतली पुस्तकांची दुकानं टिकावीत म्हणून २०१४ मध्ये कायदा केला की पुस्तक फुकट पोचवायचं नाही. अ‍ॅमेझॉनने लगेच नावापुरती पोचवणावळ लावली, युरोचा शंभरावा हिस्सा. कायद्याचं अक्षर पाळलं आणि जीभही दाखवली. अखेर ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोच्या आतल्या पुस्तकांच्या मागणीला किमान तीन युरो घेणं तिथे बंधनकारक झालं. पोचवण्याची किंमत दिसली पाहिजे एवढ्यासाठी एका देशाला दोनदा कायदा करावा लागला.

आपल्याकडे फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरात पुस्तकं विकत सुरू झाली, २०१० मध्ये तिने माल हातात आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, २०१३ च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉन आली. व्ही. पी. नव्या कपड्यांत परत आली आणि तिच्याबरोबर तिचं दुखणंही.

एक सोपा हिशेब करू. आकडे माझे, निव्वळ समजण्यासाठी. समजा सुरतेचा एक विक्रेता अडीचशेची ओढणी सगळीकडे फुकट पोचवतो. एक ओढणी पाठवायला त्याला साठ रुपये लागतात. दहा ओढण्या निघाल्या, दोन परत आल्या. परत आलेल्या प्रत्येकीचं जाण्याचं साठ आणि येण्याचं साठ, दोहोंचे मिळून दोनशे चाळीस. ते उरलेल्या आठ जणींच्या किमतीत वाटले तर माणशी तीस. म्हणजे जी बाई ओढणी निमूट घेते, पैसे आधीच भरते, ती स्वतःचे साठ तर देतेच, वर न घेणारीचे तीसही देते. आणि फुकट आली म्हणून खूश होते.

परत जाणाऱ्या पार्सलाला या धंद्यात आरटीओ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन. आरटीओचं नाव काढलं की महाराष्ट्रात तसाही माणूस दचकतो. आमच्या भागात ही परतपाठवणी नुसत्या लहरीने होत नाही. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. दसऱ्याच्या सेलमध्ये मागवलेली साडी दारात येते तेव्हा दाराला कुलूप असतं आणि मागवणारी कुठल्यातरी फडावर मोळ्या बांधत असते. फोन लागलाच तर ती म्हणते, शेजारी द्या. शेजारी पैसे कुठून देणार? पार्सल परत. कुठल्याशा कचेरीतल्या तक्त्यात आमच्या पिनकोडपुढे आणखी एक लाल खूण. अशा खुणा साचल्या की एक दिवस त्या पिनला रोखीने माल देणं बंद होतं.

वजनाचाही एक चकवा आहे. कुरिअर नुसतं वजन मोजत नाही, जागाही मोजतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजाराने भागायचं, येईल तितके किलो धरायचे. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त त्यावर आकार. माझी रिंग ज्या खोक्यात आली ते मी पट्टीने मोजलं: तीस बाय पंचवीस बाय दहा. दीड किलो. साठ ग्रॅमची रिंग दीड किलोचं भाडं खात आली, बाकी सगळी हवा, आणि ती हवाही प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेली. रिंगपुरतं पाकीट का वापरलं नाही? बांधणाऱ्याच्या हाताशी खोकं असेल. हे भाडं विक्रेत्याच्या पट्टीत लागतं आणि फिरून पुढच्या रिंगच्या किमतीत येतं.

हे सारं गोदामापासून पाटोद्यापर्यंत. भिवंडीहून किंवा पुण्याहून एका मालमोटारीत हजारो पार्सलं येतात, तेव्हा एकेकाच्या वाट्याला भाडं थोडकंच येतं. खरा खर्च शेवटच्या काही किलोमीटरचा. हिलसाहेबाचा हिशेब इथे पालटतो, कारण पार्सल पत्रासारखं नाही, शेकडो पार्सलं एका पिशवीत मावत नाहीत आणि एका गल्लीत शंभर घरंही इथे नाहीत. पुण्यातल्या एका सोसायटीत पोरगा लिफ्टने फिरून वीस पार्सलं अर्ध्या तासात संपवतो. पाटोद्यात तेवढ्या वीस पार्सलांना सौताड्याचा घाट, अंमळनेरची बाजू आणि मधल्या वाड्यावस्त्या लागतात.

स्टँडवर मी त्या पोराशी थोडं बोललो. वय वीस-बावीस. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा. पैसे पार्सलमागे ठरलेले, पार्सल शेजारच्या गल्लीत जावो नाहीतर डोंगरापलीकडे. घाटात रेंज जाते, मग ओटीपी येत नाही, ओटीपीशिवाय पार्सल देता येत नाही, मग गिऱ्हाईक आणि हा दोघं मिळून मोबाइल वर धरून टेकाडावर चढतात. पत्ते असे: दत्ताच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीपाशी, फाट्यावर उतरून कुणालाही विचारा. "तुमच्याकडं आलो असतो तर तुमच्या एका पार्सलात माझं पेट्रोलबी निघालं नसतं सर." त्याच्या फोनवर मला 'उपलब्ध नाही' दाखवलं नसतं तर त्याचा दिवसाचा आकडा पडला असता. मला राग आला होता, पण तो त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. अठ्ठावीस किलोमीटर कुणीतरी जायचेच होते. कंपनीने ते त्याच्यावर टाकले, त्याने माझ्यावर.

पाटोद्याच्या शेतकऱ्याला पोचवणावळ काय असते हे शिकवायची गरज नाही. तो माल विकतो तेव्हा ती त्याच्याच डोक्यावर असते. फेब्रुवारी २०२३ मधली बातमी अनेकांना आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. ५१२ किलो भरला. भाव किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई असं सगळं वजा जाता हातात आले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. चेक मिळाला दोन रुपयांचा. ती पट्टी वर्तमानपत्रांत छापून आली तेव्हा लोक हळहळले. पण तिच्यात एक गोष्ट होती जी माझ्या ५१७ च्या बिलात नव्हती: प्रत्येक वजावट नावानिशी लिहिलेली. लुबाडणूक झाली असेल तर कुठे, कुणाला विचारायचं, ते तरी कळत होतं. माल विकताना भाडं शेतकऱ्याचं, आणि तोच शेतकरी घरात बसून माल विकत घेतो तेव्हा भाडं 'फ्री'. दोन्ही वेळा पेट्रोल त्याच्याच टाकीतलं.

ओझं वाटून घेण्याची चांगली रीत आपल्याकडे होऊन गेली, अजून आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले. संघाची महिन्याची मागणी एक, माल एका जागी उतरवायचा, घरच्यांनी मिळून वाटून घ्यायचा. शेवटचे काही किलोमीटर, जे सगळ्यांत महाग, ते ग्राहकांनीच आपल्या खांद्यावर घेतले, पण जाणूनबुजून, आणि त्याचा फायदा किमतीत त्यांनाच मिळाला. आमच्याकडेही याचं एक कच्चं रूप दिसतं. गावात एक पोरगा असतो ज्याच्या फोनवरून निम्मी आळी मागवते, आणि किराणा दुकानाच्या काउंटरमागे पार्सलांची चळत असते. दुकानदार कटकट करतो, पण ठेवून घेतो. पार्सल न्यायला आलेला माणूस बिस्किटाचा पुडा तरी घेतोच.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवावं. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, पोचवणावळीसकट, दाखवली पाहिजे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली. सुरुवातीला एक किंमत दाखवायची आणि शेवटच्या पायरीला थेंबथेंब आकार वाढवायचे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवायची, या दोन्ही त्यात आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. त्याने भागलं नाही तर २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. विक्रेता सुरतेचा असला तरी आपल्याला बीडच्या आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हिरव्या शून्यावर मात्र कायद्यात कलम नाही. तिथे आपण आपलेच.

पुस्तकं मागवणाऱ्यांसाठी एक जाता जाता. छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर्ड सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, त्यावर ओरड झाली आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, कर वेगळा. प्रकाशकाला विचारून पाहा. पोस्टमन दारात येतो, नगरचा पिन असूनही.

रिंगचं सांगायचं राहिलं. ती बसली नाही. चित्राखाली पाच लिटर लिहिलं होतं, खोक्यातून निघाली साडेतीनची. परत करायला गेलो तर अ‍ॅपने सांगितलं, या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोय नाही, आपण स्वतः पाठवावा. खाली आणखी एक ओळ होती. रिंग परत केली तर उरलेली खरेदी ४९९ च्या खाली जाते, तेव्हा परताव्यातून डिलिव्हरीचे ४९ रुपये कापले जातील. मी १९१५ ला फोन लावला, तक्रार नोंदवली. सतराव्या दिवशी एकशे एकोणपन्नास रुपये पूर्ण खात्यात आले आणि रिंग तुमच्याकडेच ठेवा असा निरोप आला. साडेतीन लिटरचा कुकर कुणाकडे असेल तर रिंग घेऊन जावी.

पाच लिटरची शेवटी आठवडी बाजारात मिळाली, स्टो आणि कुकर दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने झाकण मागितलं, ते घेऊन गेलोच होतो. जुनी रिंग ओढून काढली, खाचेतली काजळी सळईने खरवडली, नवी बसवली आणि अंगठ्याने गोल फिरवून बघितली. नव्वद रुपये मागितले. मी विचारलं कसे, तर म्हणाला, "ऐंशी रिंगचे, दहा बसवायचे."

दिले.